माऊस बदलावा की कामाची रीत?

संगणकाचा माऊस धरलेला हात मोकळा नसतो. उभे राहून हात सैल सोडले तर तळवे मांड्यांकडे वळतात, जमिनीकडे नव्हे. सपाट माऊसवर तळवा पालथा ठेवायचा म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्यावरून फिरते, आणि ते तसेच राहावे म्हणून काही स्नायू सतत किंचित आवळलेले असतात. मनगट थोडे मागे मोडते, करंगळीच्या बाजूला कलते. तर्जनी बटणावर असते, पण नको तेव्हा क्लिक होऊ नये म्हणून तीही अर्धवट उचलून धरलेली असते. यातले एकही काम जड नाही. दुखणे येते ते हे हलके काम न थांबता चालत राहिल्यामुळे.

नवी मुंबईत असे काम करणारे हात थोडेथोडके नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा एमआयडीसीचा पट्टा एकेकाळी रसायने, औषधे आणि यंत्रे यांच्या कारखान्यांसाठी ओळखला जाई. त्याच पट्ट्यात आज ऐरोलीचे माइंडस्पेस आणि महापेचे मिलेनियम बिझनेस पार्क ही कार्यालय-संकुले उभी आहेत. वाशी स्टेशनच्या डोक्यावरच माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये आहेत. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि आयात-निर्यातीची कागदपत्रे भरणाऱ्या सीमाशुल्क एजंटांच्या कचेऱ्या या शहराचा भाग झाल्या. पाइपिंगची आरेखने करणारा ड्राफ्ट्समन, विम्याचे दावे तपासणारी कर्मचारी, बिल ऑफ एंट्रीतले आकडे भरणारा कारकून, एपीएमसीतल्या पेढीचा हिशेबनीस यांचे धंदे निरनिराळे आहेत. उजव्या हाताचे काम मात्र सगळ्यांचे एकच.

हा त्रास टाळायचा कसा, यावर दोन मते समोरासमोर येतात. कार्यालयाची व्यवस्था पाहणारे म्हणतात, साधन बदला. हातावर उपचार करणारे म्हणतात, कामाची रीत बदला. पुढच्या संवादात पहिले मत एका प्रशासन अधिकाऱ्याच्या तोंडी घातले आहे, दुसरे एका फिजिओथेरपिस्टच्या. दोघे कल्पित आहेत. त्यांनी पुढे केलेले पुरावे कल्पित नाहीत.

अधिकारी : मॅडम, मनगट दुखते म्हणणाऱ्यांची आमच्याकडची यादी वाढत चालली आहे. सरसकट सगळ्यांना उभे माऊस द्यावेत असे आमच्या मनात आहे. हस्तांदोलन करताना हात जसा असतो, तसाच या माऊसवर राहतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकलला ५७ अंशांचा उतार दिलेला आहे. हात पालथा नको हे तुम्हीच सांगता. मग हा घेतला की प्रश्न मिटला ना?

फिजिओथेरपिस्ट : कोनाबद्दल तुमचे बरोबर आहे, साहेब. पण कोन सुधारला म्हणजे नसेवरचा दाब उतरला, असे होत नाही. तो मोजून पाहिलेला आहे.

हा दाब कशावर पडतो ते आधी पाहिले पाहिजे. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस एक अरुंद बोगदा आहे. त्याचा तळ आणि भिंती मनगटाच्या लहान हाडांच्या, छत एका जाड पट्टीसारख्या बंधाचे. त्याला कार्पल टनेल म्हणतात. बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाची एक नस त्यातूनच तळव्यात उतरतात. छत आणि भिंती ताणल्या जात नाहीत, त्यामुळे आत सूज आली किंवा मनगट फार वाकले की सगळ्यात मऊ असलेली नसच चेपली जाते. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू या नसेच्या ताब्यात असते. म्हणून तिथे मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि करंगळी सुटते. करंगळीतच मुंग्या येत असतील तर दोष बहुधा कोपराकडच्या दुसऱ्या नसेचा असतो, आणि कारणही वेगळे शोधावे लागते.

१९९९ साली केर, बाख आणि रेम्पेल या संशोधकांनी निरोगी माणसांच्या या बोगद्यातला दाब माऊस वापरताना मोजला. हात माऊसवर नुसता ठेवला तेव्हा दाब कमी होता. पडद्यावरची वस्तू बटण दाबून ओढताना तो ३० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास पोचला. इतका दाब टिकून राहिला तर नसेचे काम बिघडू लागते, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून आधीच माहीत होते. म्हणजे माऊसच्या आकाराइतकेच, किंबहुना जास्तच, त्याच्याकडून कोणते काम करून घेतले जाते ते महत्त्वाचे ठरते. २०१५ मध्ये श्मिड आणि सहकाऱ्यांनी कार्पल टनेलचा त्रास असलेल्या २१ जणांवर उभा माऊस, जेलची गादी आणि सरकता तळवा-आधार वापरून पाहिले. उभ्या माऊसने मनगटाचे करंगळीकडे कलणे कमी झाले, गाद्यांनी मागे मोडणे कमी झाले. बोगद्यातला दाब मात्र कशानेही उतरला नाही.

अधिकारी : मग हे माऊस फसवेच म्हणायचे?

फिजिओथेरपिस्ट : नाही. कोपराखालचा स्नायू ज्यांचा दुखतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना उभ्या माऊसने आराम पडतो, कारण पालथ्या हाताचा पीळ निघतो. माझी तक्रार एवढीच आहे की सगळ्यांना एकच वस्तू वाटून कंपनी मोकळी होते. हातात मुंग्या येणारी मुलगी महिनाभर नव्या माऊसच्या भरवशावर काढते, आणि तोवर नस आणखी दबते.

अधिकारी : पण माऊसने कार्पल टनेल होतो हेच मुळात पक्के नाही, असेही वाचनात येते. मग तर काही करायलाच नको.

अधिकाऱ्याचा हा आक्षेप पोकळ नाही. डेन्मार्कमध्ये ६,९४३ तंत्रज्ञांचा वर्षभर मागोवा घेऊन केलेला अभ्यास २००३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. कीबोर्डचा आणि या विकाराचा संबंध त्यात दिसला नाही. आठवड्याला २० तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत धोका थोडा वाढलेला दिसला, पण संगणकाचा वापर हा या विकाराचा मोठा धोका नव्हे, असाच निष्कर्ष निघाला. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, लठ्ठपणा ही या विकाराची जुनी, ओळखीची कारणे आहेत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त आढळतो. हाताला मुंग्या आल्या की आधी रक्तातली साखर तपासा, हा सल्ला माऊसच्या खरेदीपेक्षा कितीदा तरी उपयोगी पडतो.

फिजिओथेरपिस्ट : साहेब, त्या अभ्यासाने माऊसला एका विकारातून जवळपास सोडवले, सगळ्यांतून नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत नस दबलेले थोडे असतात. बाकीच्यांचा कोपराखालचा स्नायू भरून आलेला असतो, अंगठ्याच्या मुळाशी कळ असते, नाहीतर खांदा आणि मान आखडलेली असते. यांचा रिपोर्ट नॉर्मल येतो, म्हणून घरचे म्हणतात काही झालेले नाही. पण दुखणे खरे असते.

या दुखण्याची नोंद संगणकापेक्षा फार जुनी आहे. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये व्यवसायांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. लेखनिकांच्या त्रासाची त्यांनी तीन कारणे दिली: सतत बसणे, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरे कारण आजच्या कार्यालयांत सर्वांत कमी मोजले जाते. टार्गेटच्या दडपणाखाली माणूस माऊस गरजेपेक्षा घट्ट धरतो, खांदे वर उचलतो, आणि हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

माऊसचा इतिहासही इथे बोलका आहे. डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस घडवला, लाकडी कवचाचा. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तेव्हा एंगलबर्ट यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक वेगळा कळफलक. काम दोन हातांत वाटलेले होते. तो कळफलक मागे पडला, माऊस उरला, आणि ओझे एका हातावर आले.

अधिकारी : म्हणजे उपाय काय? विश्रांती घ्या, असे फलक आम्ही लावलेले आहेत. कोणी पाळत नाही. शिफ्टमध्ये टार्गेट असते, टीम लीडर मागे उभा असतो. माऊस एकदा टेबलावर ठेवला की तो रोज आपले काम करतो, त्याला कोणाच्या मनाची तयारी लागत नाही. मी खर्चाच्या बाजूने बोलत नाही, मॅडम. होणारी गोष्ट कोणती आणि न होणारी कोणती, एवढेच बघतो.

फिजिओथेरपिस्ट : हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. विश्रांती माणसाच्या मर्जीवर सोडली तर ती होत नाही. म्हणून ती फलकावर नको, रोस्टरमध्ये हवी.

तिच्या बाजूने एक भक्कम प्रयोग आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी डेटा एंट्री करणाऱ्यांवर केलेला हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. एका वेळापत्रकात नेहमीच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या होत्या. दुसऱ्यात त्यांच्याशिवाय पाच-पाच मिनिटांच्या चार सुट्ट्या होत्या, म्हणजे दिवसाला २० मिनिटे जास्त. जास्त सुट्ट्यांच्या काळात हात-खांद्यांची कुरकुर आणि डोळ्यांचा ताण कमी भरला. काम मात्र घटले नाही, २० मिनिटे कमी बसूनही तेवढेच झाले. उत्पादन बुडेल या भीतीने सुट्टी नाकारणाऱ्या व्यवस्थापकाने हा निकाल जरूर पाहावा.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना यांच्यासाठी २०१७ मध्ये झालेल्या मूळ कायद्यात सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली आहे. ती जेवणासाठी पुरते, मनगटासाठी नाही. कारखाने अधिनियम, १९४८ ने कळवण्याजोग्या रोगांची जी अनुसूची केली, तिच्यात शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे. माऊसने दुखावलेला हात तिच्यात नाही. युरोपीय समुदायाने १९९० मध्येच संगणकाच्या पडद्यावरील कामासाठी वेगळा निर्देश काढला, आणि हे काम अधूनमधून थांबेल किंवा बदलेल अशी आखणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ऐरोली-महापेतल्या काही शिफ्टा ज्या युरोपीय ग्राहकांसाठी राबतात, त्यांच्या देशांत हे संरक्षण आहे. काम करणाऱ्या हाताला ते इथेही मिळायला हवे.

अधिकारी : रोस्टरचे मी वर मांडीन. पण जागेवर काय बदलू ते सांगा. आमच्याकडे एकाच सीटवर दिवसा एक बसतो आणि रात्री दुसरा. खुर्चीची उंची कोणी बदलत नाही.

फिजिओथेरपिस्ट : तिथूनच सुरुवात करा. माऊस कोणता हे नंतर, माऊस कुठे हे आधी.

कोपर अंगालगत, साधारण काटकोनात, आणि माऊस त्याच उंचीवर कीबोर्डच्या शेजारी, असा हात ठेवता आला की निम्मा ताण उगवतच नाही. प्रत्यक्षात माऊस लांब जातो, आणि त्याला ढकलतो तो कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग. हात बाहेर पसरला की खांद्याचा स्नायू तो तोलून धरत बसतो. ज्यांना आकडे भरायचेच नसतात, त्यांना हा भाग नसलेला आखूड कीबोर्ड द्यावा. तो महागड्या माऊसपेक्षा जास्त उपयोगी पडतो. सीमाशुल्काच्या कचेरीत किंवा पेढीवर आकड्यांशिवाय चालत नाही. तिथे माऊस डावीकडे घेता येतो. सुरुवातीला तो अवघड वाटतो, मग सवय होते. हात आलटून-पालटून वापरला तर एंगलबर्ट यांनी दोन हातांत वाटलेले ओझे काही अंशी तरी पुन्हा वाटले जाते.

टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्यावी आणि पाय लोंबकळू लागले की पायाखाली पाट घ्यावा. घरून काम करणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. सिडकोच्या वसाहतींतल्या बैठ्या, आटोपशीर घरांत कामाचे टेबल म्हणजे बहुधा जेवणाचे टेबल. ते साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते, आणि ठेंगण्या माणसाचा खांदा त्यावर हात ठेवताना आपोआप वर चढतो. पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन टचपॅडवर तासन् तास काम करणे तर त्याहून वाईट. साधा वेगळा कीबोर्ड आणि साधा माऊस घेतला तरी त्यातून सुटका होते.

मनगटाखालच्या जेलच्या गादीबद्दल मोठा गैरसमज आहे. काम चालू असताना मनगट तिच्यावर दाबून ठेवले तर बोगद्यावर बाहेरूनही दाब येतो. गादीवर टेकायचे ते काम थांबल्यावर, आणि तेही मनगट नव्हे, तळव्याच्या टाचेकडची बाजू. माऊस हलवायचा तो मनगटापासून नव्हे, कोपरापासून. बाण पडद्यावर पुरेशा वेगाने सरकत नसेल तर सेटिंगमध्ये त्याचा वेग वाढवावा, म्हणजे हात कमी अंतर चालतो. बटण दाबून ओढण्याच्या कामात दाब सर्वाधिक जातो हे वर आलेच आहे. म्हणून ओळी निवडणे, कॉपी-पेस्ट, एका खिडकीतून दुसरीत जाणे ही कामे कीबोर्डच्या शॉर्टकटने करावीत. आरेखन करणाऱ्यांना यात सर्वांत मोठी बचत सापडते, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या बहुतेक आज्ञा टंकताही येतात.

अधिकारी : आणि माऊस? तो कोणालाच द्यायचा नाही?

फिजिओथेरपिस्ट : द्या ना. पण दुखणे असलेल्यांना द्या, आणि हाताचे माप बघून द्या. दोन आठवडे वापरून पाहू द्या, नको वाटला तर परत घ्या.

मापाचा मुद्दा खरेदीच्या यादीत सहसा नसतो. बाजारातले बरेच उभे माऊस मोठ्या पंजाच्या अंदाजाने घडवलेले असतात. लहान हाताची बोटे बटणापर्यंत पोचण्यासाठी ताणली जातात, आणि पीळ काढायला आणलेले साधन नवा ताण देते. लॉजिटेकने २०२२ मध्ये आणलेल्या लिफ्ट या माऊसचा आकार लहान-मध्यम हातांसाठी आहे आणि त्यात डावखुऱ्यांसाठीही प्रकार आहे, म्हणजे ही गरज कंपन्यांनाही कळलेली आहे. भारतीयांची शरीरमापे इथेच मोजलेली आहेत. देवकुमार चक्रबर्ती यांचा या विषयावरचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये काढला. कार्यालयांच्या घाऊक खरेदीत मात्र या मापांचा विचार क्वचितच होतो.

ट्रॅकबॉलची गोष्ट निराळी आहे. त्यात माऊस जागचा हलत नाही, फक्त चेंडू फिरतो, म्हणून टेबलावर जागा कमी लागते आणि मनगट शांत राहते. पण ज्यात चेंडू अंगठ्याने फिरवायचा असतो, त्यात सगळे काम अंगठ्याच्या कंडरांवर येते. स्वित्झर्लंडमधील शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ मध्ये वर्णिलेला, अंगठ्याच्या मुळाशी कळ आणणारा विकार त्याने बळावू शकतो. दिवसभर अंगठ्याने चेंडू फिरवायचा आणि घरी जाताना हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्याने त्याच अंगठ्याने मोबाइलचा पडदा सरकवत राहायचे, हे त्याला झेपणारे नाही. ज्याचा अंगठा आधीच दुखतो, त्याने बोटांनी फिरवायचा मोठ्या चेंडूचा प्रकार घ्यावा किंवा ट्रॅकबॉल टाळावा.

अधिकारी : एक शेवटचे. दुखणे साधे की नसेचे, हे आमच्या माणसांना घरच्या घरी कळेल का?

फिजिओथेरपिस्ट : पुरते नाही, पण डॉक्टरकडे कधी जायचे एवढे नक्की कळेल.

दिवसभर दुखणारा आणि रविवारी उतरणारा हात बहुधा स्नायूंचा असतो. त्याला जागा, सुट्ट्या आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम पुरतो. नसेचे दुखणे रात्री बोलते: माणूस झोपेतून उठतो, हात झटकतो, मग मुंग्या कमी होतात. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटे ६० सेकंद खाली वाकवून धरली आणि पहिल्या तीन बोटांत मुंग्या आल्या, तर शंका वाढते. निदान मात्र डॉक्टरच्या तपासणीने आणि गरज पडल्यास नसेच्या वहनाच्या चाचणीने होते. सुरुवातीला मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून झोपणे हा साधा उपाय पुष्कळांना पुरतो. शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळू लागली, हातातून कप सुटू लागला किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर एक दिवसही थांबू नये. त्या टप्प्यावर शस्त्रक्रियेने नस मोकळी होते आणि रात्रीच्या मुंग्या थांबतात, पण झडलेला स्नायू पुरता भरून येईलच असे नसते.